नहेरवाल्या बिल्डिंगचे रहिवासी

१

सुरतेच्या गोडादऱ्यात घर घ्यायचं म्हटलं की आधी देवाला विचारायचं आणि मग योगिताला, असं लोक थट्टेनं म्हणत. थट्टा खरी, पण विचारत मात्र खरोखर. दर शुक्रवारी योगिता फोन स्टँडवर लावायची आणि आपल्या भागात कुठे काय आहे ते सांगायची. लिंबायतला ऑर्केस्ट्रा आहे, लेकरांच्या कानात कापूस घालून न्या. तलावाजवळ बायकांच्या स्पर्धा आहेत, बक्षीस मिक्सरचं आहे, पण खोकं उघडून बघितल्याशिवाय टाळ्या वाजवू नका. लोक हसायचे, पुढे पाठवायचे, आणि शनिवारी नटूनथटून जायचेही.

मंगळवारी घरांचा वार. त्या दिवशी योगिताचा आवाज बदलायचा. थोरल्या बहिणीसारखी ती सांगायची: बायांनो, नमुन्याचं घर बघून भाळू नका, तिथला पलंग मुद्दाम लहान बनवलेला असतो. टाकी कुठे आहे ते विचारा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दिवसा जाऊ नका, संध्याकाळी जा. खाली उभं राहून वर बघा. खिडक्यांत दिवे लागतात का, दोरीवर कपडे आहेत का, दारापुढे चपला आहेत का. जिथे माणूस नांदतो तिथे पाणी येतंच, आणि नसेल येत तर भांडायला चार जण तरी असतात.

हे शेवटचं वाक्य तिचं फार गाजलं होतं. पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये कामाला जाणारा तिचा नवरा गोपाल घरी येऊन सांगायचा की आज कँटीनमध्ये कोणीतरी तुझं वाक्य तुझ्याच नवऱ्याला ऐकवलं. योगिता वरवर नाक मुरडायची. आतून तिला गुदगुल्या व्हायच्या, हे काय सांगायला हवं?

तिची जाऊ प्रमिलाबाई त्याच गल्लीत राहायची. नवरा धुडकूभाऊ गेल्यापासून एकटी. पोटी मूलबाळ नाही. गोपाल लहान असताना आई गेली, तेव्हा या बाईनंच दिराला न्हाऊ-माखू घालून मोठा केला, म्हणून गोपालला ती वहिनी कमी आणि आई जास्त. साड्यांना खडे चिकटवत ती दिवसभर ओट्यावर बसलेली असे. गल्लीतलं दोन खोल्यांचं घर एवढीच तिची जन्माची कमाई, पण गुडघे गेले होते आणि घराला जिना होता. व्हिडिओतलं तिला फार कळत नसे. योगिता बोलतेय म्हणून ती तो शेवटपर्यंत बघायची.

२

कडोदऱ्याच्या रस्त्याला, नहेरीच्या, म्हणजे कालव्याच्या, काठाला एक नवी बिल्डिंग उभी राहिली होती. तिला नाव होतं, पण लोक आपले तिला नहेरवालीच म्हणायचे. रंग नवा, लिफ्ट नवी, आणि माणूस एकही नाही. तिथल्या विक्रीचं काम बघणारे कल्पेशभाई एके दिवशी योगिताच्या दारात आले, पाणी प्यायले, आणि हात जोडून म्हणाले, "योगिताबेन, पार्टी संध्याकाळी येते, खाली उभी राहून वर बघते, आणि अंधार बघून निघून जाते. आ तमारी ज सलाह छे ने? तो हवे रस्तो पण तमे ज काढो."

सल्ला तिचा, तर वाटही तिनंच काढायची! योगिताला हसू आलं. खोटं का सांगा, अभिमानही वाटला. एवढी मोठी बिल्डिंग आपल्या एका वाक्यापुढे अडून बसलीय! कल्पेशभाई म्हणाले, गेटजवळची खोली तुमच्या रेकॉर्डिंगला कायमची देतो. योगिता तोवर स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ लावून, कुकरची शिट्टी होईल या धास्तीत व्हिडिओ करायची. तिनं दोन दिवस विचार केला, असं ती पुढे स्वतःला सांगत असे. खरं तर तिनं चहा संपेपर्यंतही विचार केला नाही.

भांडीवाल्या बायका जुन्या कपड्यांवर भांडी देतात. त्यांच्याकडून तिनं ते कपडे आणले. पुरुषांचे शर्ट, पँटी, बायकांच्या साड्या, एक निळ्या चौकड्यांचा शर्ट तर चांगला नवाच होता. चौथ्या आणि पाचव्या मजल्यावरच्या गॅलऱ्यांत दोऱ्या बांधून ते वाळत घातले. बंद दारांपुढे जुन्या चपला मांडल्या. कल्पेशभाईंनी आपोआप लागणारे दिवे बसवले. संध्याकाळी योगिता खाली उभी राहून वर बघत होती, तर काय सांगावं, तिचं तिलाच खरं वाटलं. कोणीतरी आत्ता गॅलरीत येऊन कपडे काढील असं वाटलं.

मग श्रावण आला आणि तिला दुसरी कल्पना सुचली. खानदेशातल्या माणसाला सुरतेत कशानं ओढायचं? कानबाई देवीनं. प्रमिलाबाईकडे दर वर्षी घराण्याची कानबाई बसायची. यंदा ती नहेरवालीतल्या नमुन्याच्या घरात बसवायची, सगळ्या गोडादऱ्याला दर्शनाला बोलवायचं, आणि येणाऱ्याला वर-खाली फिरवून घर दाखवायचं.

"कानबाई घरनी ऱ्हास वं, बिल्डिंगनी नही," प्रमिलाबाई म्हणाली.

"जिजी, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. तिथे लिफ्ट आहे. तुमच्या गुडघ्यांसाठीच तर करतेय सगळं."

गुडघ्यांचं नाव काढलं आणि प्रमिलाबाई नरमली. आपल्यासाठी कोणी काही करतंय म्हटलं की या बाईला नाही म्हणताच यायचं नाही. योगिताला ते चांगलं ठाऊक होतं.

३

कानबाईच्या रोटांचा नियम साधा आहे. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे. त्या पिठाचे रोट घरच्यांनीच खायचे, भाऊबंदांच्या बाहेर घासही द्यायचा नाही, आणि टाकून तर मुळीच द्यायचा नाही. प्रमिलाबाईच्या घरात आता पुरुष म्हणाल तर एकटा गोपाल. सुपात एवढेसे गहू पडले. योगितानं फोन लावून ठेवला होता, आणि त्या फोनमध्ये ते मोकळं सूप फार भकास दिसत होतं.

"आपल्या बिल्डिंगमधल्या भावांचेही काढूया ना," योगिता फोनकडे बघत म्हणाली. तिनं स्वतः मूठ भरली. "हे चौथ्या मजल्यावरच्या सखारामभाऊंच्या नावाचे. हे रामदासभाऊंचे. हे पोपटभाऊंचे. हे पाचव्या मजल्यावरच्या दीपकभाऊंचे." नावं तोंडाला येतील तशी ती घेत गेली आणि सूप भरत गेलं.

प्रमिलाबाईचा हात सुपाच्या काठावर थांबला होता. "ह्या कोन शेतस वं?" तिनं हळूच विचारलं.

"रहिवासी आहेत, जिजी. आपलेच लोक."

"ज्याना नावना दाना काढा, त्यानं पोट भरनं पडस," प्रमिलाबाई म्हणाली, आणि गहू पाखडू लागली.

रविवारी काय गर्दी लोटली म्हणता! बायकांनी फुगड्या घातल्या, गाणी म्हटली, गॅलऱ्यांतले कपडे बघितले, दारापुढच्या चपला बघितल्या, आणि "वस्ती चांगली आहे हो" म्हणत उतरल्या. सोमवारी कानबाई वाजतगाजत विसर्जनाला गेली. गोपाल, योगिता आणि प्रमिलाबाईनं आपल्या वाट्याचे रोट खाल्ले. बाकीचे रोट पातेल्यात तसेच राहिले. योगिता म्हणाली, ज्यांचे त्यांना मी पोचवते. पोचवणार कुणाला? टाकायचा धीर होईना, दुसऱ्याला द्यायची सोय नाही. तिनं ते पातेलं नमुन्याच्या घरातल्या ओट्यावर ठेवलं, वर ताट झाकलं, आणि दार ओढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात गेली तेव्हा पातेलं ओट्यावर पालथं होतं. आतून-बाहेरून घासलेलं. ताट पुसून त्याच्याशेजारी उभं केलेलं.

मजुरांनी खाल्लं असेल, योगिता मनाशी म्हणाली. बिचारे उपाशी असतील. पण मजूर पातेलं घासून ठेवतात का? ठेवत असतील एखाद्या वेळी. आपण तरी माणसांना किती कमी लेखतो, असं म्हणून ती वरमली, आणि त्या वरमण्यातच तिला बरं वाटलं.

४

गॅलऱ्यांतले कपडे अधूनमधून बदलायचे, नाहीतर लोकांना कळतं, हे काम तिच्याकडेच होतं. त्या दुपारी चौथ्या मजल्यावर तिनं दोरीला हात लावला तर कपडे ओले होते. नुसते ओले नव्हे, पिळून, झटकून, उलटे करून घातलेले. ऊन रंग खातं म्हणून बाया घालतात ना, तसे. निळ्या चौकड्यांच्या शर्टाच्या काखेत शिवण उसवली होती ती कोणीतरी पांढऱ्या दोऱ्यानं शिवली होती.

पाऊस आला असेल. पाऊस शर्ट शिवतो का पण?

ती बाहेर पॅसेजमध्ये आली. एका ओळीत दारं, प्रत्येकाला कंपनीचं पितळी कुलूप. चपला तिनं मांडल्या होत्या तशा नव्हत्या. काही जोड दारापुढे काढून ठेवलेले, काही मुळी नव्हतेच. माणूस बाहेर गेला की चपला जागेवर नसतात, हे तिच्या मनात आलं आणि तिनं ते झटकून टाकलं. एका बंद दाराआड कोणीतरी खोकलं. मग पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज आला, आणि ती तिथे उभी आहे हे कळल्यासारखा थांबला.

तिनं कडी वाजवली नाही. का नाही वाजवली, याचं उत्तर तिला कधीच नीट देता आलं नाही. भीती होतीच, पण त्याहून मोठी लाज होती. दार उघडलं असतं आणि आतल्या माणसानं विचारलं असतं की ताई, हे माझे कपडे तुम्ही कुठून आणले, तर काय सांगितलं असतं?

खाली वॉचमन स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, वर कोणी असतं का हो? तो हसला. "मैडम, मैं तो ऊपर जाता ही नहीं. रोज कपड़े बदलते हैं, तो मैं समझा आप ही औरतें भेजती हैं."

"हां, मैं ही भेजती हूं," योगिता म्हणाली. एवढं सफाईदार खोटं आपल्या तोंडून कसं निघालं, याचं तिला रिक्षात बसेपर्यंत नवल वाटत राहिलं.

५

लोक यायचे, घर बघायचे, आवडलं म्हणायचे आणि विचार करून सांगतो म्हणून जायचे. पहिलं कोणी व्हायला तयार नव्हतं. दिवाळी झाली आणि एका दुपारी गोपाल घरी आला तो तोंड भरून हसत. "वहिनी गल्लीतलं घर विकतेय. नहेरवालीत घेतेय, चौथ्या मजल्यावर."

योगिताच्या हातातून वाटी निसटली. "कुणी सांगितलं त्यांना घ्यायला?"

"कुणी म्हणजे? तूच! सगळ्या गोडादऱ्याला सांगतेस, मग तिला नको का?"

ती तशीच उठून प्रमिलाबाईच्या ओट्यावर गेली. प्रमिलाबाई साडी मांडीवर पसरून खडे चिकटवत होती. शेजारच्या दोघीतिघी कडेला बसल्या होत्या आणि योगिताला बघून त्यांनी सरकून जागा केली. योगिता बसली. म्हणायचं होतं ते सगळं जिभेवर होतं. जिजी, तिथे कोणी राहत नाही. ते कपडे माझे आहेत, चपला माझ्या आहेत, ते दिवे आपोआप लागतात. आणि आता तिथे काय आहे ते मला माहीत नाही. तुमचं हे एकच घर आहे, ते विकू नका.

"जिजी, घाई कशाला करता?" एवढंच ती म्हणाली.

"तू सांगं ना?" प्रमिलाबाई खडा बोटावर घेत म्हणाली. "मंग झायं."

"आम्हीपण बघतोय की," शेजारची एक बाई म्हणाली. "घरचं माणूस जातंय म्हटल्यावर आता काय विचारायचं!" सगळ्या हसल्या. योगिताही हसली. त्या बायका तिथे नसत्या तर मी सांगितलं असतं, असं ती नंतर किती दिवस म्हणत होती. पण बायका संध्याकाळी उठून गेल्या, आणि योगिताही त्यांच्याबरोबरच उठून गेली. दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई एकटी होती. तिसऱ्याही दिवशी. दस्तऐवज होईपर्यंत रोज प्रमिलाबाई ओट्यावर एकटी सापडायची, आणि रोज योगिताला दुसरं काही काम निघायचं.

सामान हलवलं त्या दिवशी तिनं डोकं दुखतं म्हणून सांगितलं. दुखतही होतं म्हणा.

६

फोनवर प्रमिलाबाई खुशीत वाटायची. लिफ्ट चांगली आहे. पाणी चांगलं आहे. शेजारी चांगले आहेत. सखारामभाऊ फार साधा माणूस, वर मान करून बघत नाही. वरच्या मजल्यावरच्या दीपकची बायको लाजते, दाराआडून बोलते.

योगितानं फोन कानापासून दूर धरला. ही नावं तिनं स्वतः, फोनकडे बघत, हवेतून काढली होती.

थंडीत गोपाल एकदा जाऊन आला. म्हणाला, वहिनीनं दारातच जेवू घातलं आणि लवकर लावून दिलं, फार कामात होती. पुढच्या रविवारी पिठाचं पोतं घेऊन ये म्हणाली. मग त्याच्या पुढच्याही रविवारी. "एकट्या बाईला एवढं पीठ कशाला लागतं गं?" गोपालनं विचारलं. "आणि वाळलीय किती! हातांच्या नुसत्या काड्या झाल्यात."

त्यानंतर मात्र योगिताला राहवेना. दुपारची वेळ धरून ती एकटी गेली. लिफ्टचं दार उघडताच तव्यावरच्या पिठाचा वास आला. पॅसेजमधल्या एकाही दाराला कुलूप नव्हतं. सगळी दारं किलकिली होती. प्रत्येक दारापुढे एक धुतलेलं ताट ठेवलं होतं.

प्रमिलाबाईचं दार सताड उघडं. ती ओट्याशी उभी राहून लाटत होती. गुडघ्यांना फडकी बांधलेली, केस पिठानं पांढरे, डोळे अर्धे मिटलेले. बाजूला भाकऱ्या आणि पोळ्यांची चळत. खोलीत ना खुर्ची, ना पलंग, भिंतीला लागून पिठाची पोतीच पोती. योगिताला बघून ती हसली. "उनी का माय? बठ."

"जिजी, हे काय चाललंय?"

"भूक लागस त्यासले," प्रमिलाबाई म्हणाली. तिनं एका ताटात पोळ्या घातल्या आणि उचलायला गेली, तर ताट एका बाजूला कललं. योगितानं पटकन ते ताट घेतलं. घेतलं आणि मग तिला कळलं की आता ते नेऊन द्यावं लागणार.

समोरचं दार पायानं ढकलावं लागलं नाही. ते आतून थोडं उघडलं. टॉवेलनं तोंड झाकलेला एक पुरुष उभा होता. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. त्यानं दोन्ही हातांनी ताट घेतलं. टॉवेल पडू नये म्हणून तो हनुवटीनं दाबून धरत होता. त्याच्यामागे खोलीत माणसं ओळीनं जेवायला बसली होती, सगळी भिंतीकडे तोंड करून. लहान-मोठी, बायका-पुरुष. जेवताना माणूस मान हलवतो, बाजूच्याकडे बघतो, पाणी मागतो. यांच्यातलं कोणी काहीच करत नव्हतं. नुसते घास चावल्याचे आवाज येत होते.

"ताई," तो पुरुष टॉवेलच्या आडून म्हणाला, "लाज वाटते हो. रोज मागावं लागतं."

टॉवेल जरासा सरकला. योगितानं डोळे मिटून घेतले. नाव तर तिनं दिलं होतं. नाक-डोळे द्यायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. डोळे उघडले तेव्हा दार पुन्हा किलकिलं झालं होतं.

७

ती परत आली आणि प्रमिलाबाईच्या पायांशी बसून ढसाढसा रडली. आता सांगायला काय उरलं होतं, पण तिनं सगळं सांगितलं. कपडे, चपला, दिवे, कल्पेशभाई, गेटजवळची खोली. "मी खोटं बोलले, जिजी. तुमचं घर घालवलं मी. माझं तोंडसुद्धा बघू नका."

प्रमिलाबाई लाटायची थांबली नाही. "माले म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"मूठ भरी तूनी, तवयच. भाऊबंदना नाव माले तोंडपाठ शेतस. त्यामा सखाराम नही नि दीपक नही."

योगितानं विचारलं, "मग घर का घेतलंत?"

"गल्लीना बाया इचारेत, जाऊ सांगस आनि जाऊच घर लेस नही का?" प्रमिलाबाईनं पोळी तव्यावर टाकली. "तुना शब्द खाले पडाले नको व्हता."

असं म्हणताना तिच्या आवाजात राग असता तर योगितानं तो आनंदानं झेलला असता. पण राग नावाला नव्हता. बाई तव्यावरची पोळी शेकत होती, आणि जावेची अब्रू वाचवण्यासाठी आपण एवढं केलं याचं तिला जरासं समाधानच वाटत होतं. योगिताला त्या क्षणी धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ती हात धरून म्हणाली, "चला, आत्ताच्या आत्ता चला. आमच्या घरात राहा. मी तुमचे पाय धुईन."

"मी उठी गऊ तं यासले जेवाले कोन घाली?" प्रमिलाबाईनं दाराकडे मान केली. बाहेरच्या पॅसेजमध्ये आवाज थांबले होते. कोणीच चावत नव्हतं. "कोनी हात लावाले उनं, तं मी आत्तेच येस तुनासंगे."

याचं उत्तर एकच होतं आणि ते योगितालाच द्यायचं होतं. मी थांबते, जिजी, तुम्ही जा. दाणे माझ्या मुठीनं काढलेत, तेव्हा लाटणं माझ्याच हातात हवं. ती वाक्य मनात जुळवत राहिली. गोपाल डोळ्यांपुढे आला, मंगळवारचा व्हिडिओ आला, आपलं ते लहानसं घर आलं. वाक्य मनातच राहिलं. प्रमिलाबाईनं तिच्याकडे बघितलं, समजून घेतल्यासारखी मान हलवली, आणि पुढचा गोळा हातात घेतला. ते मान हलवणं योगिताला सहन झालं नाही. ती उठून पॅसेजमध्ये आली.

तेवढ्यात लिफ्ट वर आली. दार सरकलं आणि आतून एक जोडपं बाहेर पडलं. नवरा तिशीतला, बायको तशीच, नवी साडी, हातात प्रसादाची पुडी. घर बघायला जाताना आधी देवळात जाऊन आलेले असणार. बायकोनं योगिताला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अय्या, योगिताताई! अहो, आम्ही तुमचा एकही मंगळवार चुकवत नाही. मी स्नेहा. आम्ही धुळ्याचे, लिंबायतला भाड्यानं राहतो." ती भारावून बोलत होती. "खालून बघितलं, तुम्ही सांगता तसं. कपडे आहेत, चपला आहेत, सैपाकाचा वास येतोय. तुमच्या जाऊबाई इथेच राहतात ना? तरी तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. इथे माणसं नांदतात ना हो ताई?"

पॅसेजमधली सगळी दारं तशीच किलकिली होती. आत कोणी हलत नव्हतं. मागे प्रमिलाबाईच्या लाटण्याचा आवाज अडखळत चालू होता, मध्येच थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. योगितानं स्नेहाच्या हातांकडे बघितलं. भरलेली मनगटं, रुंद तळवे, बोटांना कामाची सवय.

"नांदतात तर," योगिता म्हणाली. "चांगली माणसं आहेत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. नवऱ्याला मोजमापं बघू दे, तू इकडे ये. आमच्या जिजी पोळ्या करताहेत, जरा हात लाव त्यांना, तेवढीच ओळख होईल."

"अगंबाई, त्यात काय!" स्नेहानं पदर खोचला आणि ती हसत आत गेली. योगिता दारातच उभी राहिली. थोड्या वेळानं आतून लाटण्याचा आवाज येऊ लागला, एकसारखा, दमदार, आणि प्रमिलाबाई भिंतीला धरत धरत बाहेर आली. तिनं योगिताच्या तोंडाकडे बघितलं. या वेळी तिनं मान हलवली नाही.

योगितानं तिचा हात धरला आणि दोघी लिफ्टनं खाली उतरल्या. रिक्षा मिळेपर्यंत प्रमिलाबाई तिच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि त्यानंतरही कधी बोलली नाही.